शिध्याचे ओझे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सरहद्दीला टेकून, न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे. आपल्याकडे अमेरिका म्हटली की न्यू यॉर्कचे उंच मनोरे नाहीतर कॅलिफोर्नियाचे समुद्रकिनारे डोळ्यांपुढे येतात. या राज्याची आठवण सहसा कुणाला होत नाही. उघडेबोडके डोंगर, मैलोगणती निवडुंग नि खुरटी झुडपे, मध्येच एखादे गाव आणि गावातल्या घरांच्या ओसरीला टांगलेल्या लालभडक मिरच्यांच्या माळा. त्या माळा पाहून मराठी माणसाला क्षणभर वाटावे, आपण चुकून खानदेशात तर उतरलो नाही ना!

या मुलखात मार्च महिन्यात एका पहाटे हजारो माणसे जमतात आणि दिवसभर वाळवंटातून चालतात. अंतर २६.२ मैल, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोडे अधिकच. त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर ३५ पौंडांची, आपल्या हिशेबाने जवळजवळ १६ किलोंची पिशवी असते. नियम वजनाचा आहे. आत काय भरायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण दगड-विटा भरणारे थोडे. बहुतेकांच्या पिशवीत तांदूळ असतात, घेवड्याचे दाणे असतात, डबाबंद भाज्या असतात. चालून झाले की पिशवी काट्यावर ठेवायची, वजन भरले की आतला शिधा तिथल्या पेट्यांत ठेवून द्यायचा आणि मोकळ्या पाठीने घरी जायचे. तो शिधा आसपासच्या गावांतल्या गरजू घरांत जातो. हे राज्य अमेरिकेतल्या गरीब राज्यांत मोडते, हे इथे सांगितले पाहिजे. कारण अमेरिकेत भुकेली माणसे असतात हेच आपल्याकडे पुष्कळांना खरे वाटत नाही.

पाठीवर धान्यच का, याचे उत्तर मात्र न्यू मेक्सिकोत नाही. ते सात-आठ हजार मैलांवर, फिलिपाइन्समधल्या बटान नावाच्या द्वीपकल्पात आहे.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि त्यानंतर काही तासांतच फिलिपाइन्सवर बॉम्ब पडू लागले. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. तिथल्या सैन्याला माघार घेत घेत मनिलाच्या उपसागरापलीकडच्या बटानच्या जंगलात शिरावे लागले. सैन्य शिरले, पण रसद मागेच राहिली. जानेवारी १९४२ पासून शिधा निम्म्यावर आला, आणि पुढे त्याच्याही निम्म्याखाली गेला. घोडदळाचे घोडे मारून खाल्ले, खेचरे खाल्ली, रेडे खाल्ले, माकडेसुद्धा सोडली नाहीत. मलेरिया आणि हगवण यांनी छावण्याच्या छावण्या अंथरुणाला खिळल्या. सरसेनापती मॅकआर्थर यांना वॉशिंग्टनच्या हुकुमाने मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाला जावे लागले. मागे राहिलेल्यांना मदत येणार असे सांगितले जात होते, पण ती आली नाही. ९ एप्रिल १९४२ रोजी जनरल एडवर्ड किंग यांनी शस्त्रे खाली ठेवली.

सुमारे ७५,००० माणसे कैद झाली. एवढे कैदी हाती लागतील असा जपान्यांचा अंदाजच नव्हता. जे लागले ते अर्धमेले असतील हेही त्यांनी धरले नव्हते, आणि धरले असते तरी त्यांची फारशी पर्वा केली असती असे पुढच्या घटनांवरून वाटत नाही. द्वीपकल्पाच्या टोकाच्या मारिव्हेलेस गावापासून सान फर्नांडोच्या रेल्वे स्टेशनापर्यंत सुमारे ६५ मैल त्यांना चालवत नेले. एप्रिलमधले ऊन म्हणजे तिथला भर उन्हाळा. रस्त्याच्या कडेला झऱ्यांचे पाणी वाहत होते, पण रांग सोडून पाण्याकडे वळणाऱ्याला संगिनीने भोसकीत. जो पडला त्याला उठायला फार वेळ मिळत नसे. गावातले फिलिपिनो लोक जिवावर उदार होऊन केळीच्या पानात बांधलेला भात रांगेत फेकीत, आणि पकडले गेले तर त्याची किंमत मोजीत. पुढे बंद मालडब्यांत कोंबून कापासपर्यंत, आणि तिथून पुन्हा पायी ओ'डॉनेलच्या छावणीत. त्या वाटेवर किती मेले याची मोजदाद कुणी ठेवलीच नव्हती. अभ्यासक फिलिपिनो मृतांचा आकडा ५,००० पासून १८,००० पर्यंत सांगतात, अमेरिकनांचा ५०० ते ६५०. छावणीत पोचल्यावर तर मरणाला ऊतच आला. दीड हजारावर अमेरिकन आणि वीस हजारांवर फिलिपिनो सैनिक तिथे काही महिन्यांत गेले. गोळीने गेलेले त्यांत फार थोडे. बहुतेक भुकेने, तहानेने आणि भुकेपाठोपाठ येणाऱ्या रोगांनी गेले.

आता न्यू मेक्सिकोचा संबंध. या राज्याच्या नॅशनल गार्डची तोफखान्याची एक पलटण होती, दोनशेवी. शत्रूची विमाने पाडणे हे तिचे काम. न्यू मेक्सिकोतल्या पुष्कळ घरांत स्पॅनिश बोलतात आणि फिलिपाइन्सवर तीन शतकांवर स्पेनचे राज्य होते; ही पोरे तिथे भाषेने अडणार नाहीत, हाही एक विचार तिला तिकडे पाठवण्यामागे होता असे सांगतात. युद्ध सुरू झाले त्याच रात्री तिच्यातून ५१५ वी पलटण वेगळी काढली. दोन्ही मिळून सुमारे १,८०० माणसे. शेतकऱ्यांची, गुराख्यांची, खाणकामगारांची मुले. एकाच शाळेतून, एकाच गल्लीतून आलेली. त्यांतली निम्मीच परत आली. आपल्या सातारा जिल्ह्यातले अपशिंगे ज्यांनी पाहिले असेल, जिथे घराघरातून माणूस फौजेत गेला म्हणून गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागले, त्यांना एका लहानशा वस्तीवर अशी तार येते तेव्हा काय होते हे सांगावे लागणार नाही. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या हजारो हिंदी सैनिकांपैकी ज्यांना न्यू गिनीच्या बेटांवर मजुरीला नेले, त्यांनीही याच भुकेने प्राण सोडले. त्यांच्यासाठी कुणी पिशवी पाठीवर घेऊन चालल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चालण्याची ही प्रथा तशी जुनी नव्हे. १९८९ साली लास क्रूसेसच्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातल्या सैनिकी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी शंभरएक माणसे होती. कारण साधे होते: त्यांतल्या काहींच्या घरातलीच माणसे बटानला गेली होती. १९९२ पासून व्हाइट सँड्स हा क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचा विस्तीर्ण लष्करी तळ आणि राज्याचा नॅशनल गार्ड यांनी हात दिला आणि चालणे तळाच्या हद्दीत गेले. २०२० साली महामारीमुळे खंड पडला. 

माझी भाची त्या विद्यापीठात नोकरी करते. २०१८ च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे होतो. तिने नाव नोंदवले होते ते पूर्ण अंतराचे, तेही वजनासकट. महिनाभर ती संध्याकाळी पाठीवर तांदळाचे पुडके घेऊन गल्लीतून चकरा मारत होती आणि शेजारची कुत्री तिच्यावर भुंकत होती. "मामा, तुम्ही नुसते बघायला या," असे ती म्हणाली. पण बघत बसण्यापेक्षा चाललेले बरे म्हणून मी १४.२ मैलांच्या धाकट्या वाटेसाठी नाव दिले. तिथे वजनाची सक्ती नाही. तरीही रिकाम्या पाठीने जाणे बरे दिसेना. एल पासोच्या भारतीय दुकानातून मी तूरडाळीची पुडकी आणली, चार किलो. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांच्या मुलखातला मी. तेवढ्या अंतराचे मला भय वाटले नाही. भय वाटायला हवे होते ते वाळूचे, हे नंतर कळले.

२५ मार्च, रविवार. पहाटे चारच्या सुमाराला आम्ही घरून निघालो तेव्हा डोंगर ओलांडून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची रांग लागली होती. खिंडीतून खाली पाहिले तर ती रांग वाळवंटात दूरवर उतरत गेलेली. तळाच्या मैदानावर कडाक्याची थंडी. आठ हजारांच्या घरात माणसे. फौजी गणवेशातली पोरे, पोटे सुटलेले निवृत्त सुभेदार, शाळकरी मुलींचा एक गट, लाकडी नव्हे पण धातूचा पाय लावून आलेला तिशीचा तरुण. पुष्कळांच्या पाठीवर कागद टाचलेले होते. त्यावर फोटो, नाव, जन्म-मृत्यूची साले. सगळे बटानचे नव्हेत; इराकमध्ये गेलेला भाऊ, अफगाणिस्तानात गेलेला मित्र. चालताना तुमच्या पुढे चार पावलांवर एक वीस वर्षांचा हसरा चेहरा सतत हलत असतो. नजर दुसरीकडे वळवावी तर तिथे दुसरा.

बाजूला तंबूंत टोप्या, सदरे, पदके यांची विक्री जोरात चालू होती, आणि कुणाला किती तास लागतील याच्या पैजाही. मला ते थोडे खटकले. पण मग आळंदी-पंढरीच्या वाटेवर काय प्लॅस्टिकच्या पिपाण्या विकत नाहीत? माणसे जमली की बाजार जमतोच, आणि बाजार आहे म्हणून भाव नाही असे म्हणता येत नाही.

उजाडायच्या आत हजेरी झाली. बटानमधून वाचलेल्यांपैकी जे त्या दिवशी हजर होते त्यांची नावे एकेक करून पुकारली. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच; बहुतेक चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगड्या घेतलेले. नाव पुकारले की एक कापरा आवाज यायचा, "हजर, साहेब." मग वर्षभरात जे गेले त्यांची नावे. नाव पुकारायचे आणि थांबायचे. उत्तर येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी थांबायचे. एवढ्या मोठ्या जमावात कुणी खोकले नाही. माझ्या शेजारी एक साठीची बाई उभी होती. एका नावाला तिचे ओठ हलले. नंतर चालता चालता तिनेच सांगितले: तिचे काका होते ते. "घरात भाताचा दाणा ताटात राहिलेला त्यांना चालायचा नाही. आम्हा मुलांना वाटायचे, काका कंजूष आहेत." त्यांनी बटानचे नाव कधी काढले नाही. ती गोष्ट तिने शाळेच्या पुस्तकात वाचली, पंधराव्या वर्षी.

सातच्या सुमाराला जमाव हलला. सुरुवातीचा डांबरी रस्ता सरला की वाळूची वाट लागते. वाळू म्हणजे आपल्या चौपाटीची नव्हे. पिठासारखी, पाऊल टाकले की घोटा गिळणारी. त्यात वारा. आठ-नऊनंतर ऊन असे चढले की पहाटेची थंडी खोटी वाटावी. ठिकठिकाणी स्वयंसेवक संत्र्यांच्या फोडी, केळी आणि पाणी घेऊन उभे. एका ठिकाणी एका मुलीने माझ्या हातात लहानसा पेला ठेवला. एका घोटात प्यायलो आणि डोळ्यांत पाणी आले. खारवलेल्या काकडीच्या लोणच्याचे पाणी! घामातून गेलेले मीठ भरून काढायला ते इथे देतात. आपल्याकडे कैरीच्या लोणच्याचा खार कुणी असा पेल्यातून वाटला तर लोक काय म्हणतील कोण जाणे, पण पुढचे दोन मैल माझे पाय आखडले नाहीत हे खरे.

आमच्या बाजूने जर्मन वायुदलाची एक तुकडी गाणे म्हणत गेली. शेजारच्या हॉलोमनच्या तळावर पूर्वी त्यांचे प्रशिक्षण चालत असे. १९४२ साली जपानचे दोस्त असलेल्यांची ही नातवंडे बटानच्या मृतांसाठी चालत होती. आणि आम्ही ज्या तळावर चालत होतो त्याच्याच उत्तरेच्या टोकाला १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुबॉम्ब फोडून पाहिला गेला होता. त्यानंतर तीन आठवड्यांत हिरोशिमा झाले. जपानच्या छावण्यांत उरलेल्या कैद्यांपैकी बहुतेकांची मरेपर्यंत हीच श्रद्धा होती की त्या बॉम्बने आपल्याला वाचवले. त्यांना चूक म्हणायचा अधिकार मला नाही. पण हिरोशिमातही मुले उपाशी घराबाहेर पडली होती, आणि त्या वाळवंटात चालताना ते मनातून जात नव्हते.

नऊच्या पुढेमागे माझ्या मागून टाळ्यांचा आवाज जवळ येऊ लागला. लोक वाटेच्या कडेला सरकून उभे राहिले. नारिंगी सदऱ्यांचा एक घोळका, आणि मधोमध एक बारीक चणीचा म्हातारा, टोपी घातलेला, ताठ, पुढच्या पावलाकडे बघत चालणारा. वय १००. हे कर्नल बेन स्कार्डन. बटानमधून वाचलेल्यांपैकी या स्मृतियात्रेत स्वतः पायी चालणारे ते एकटेच. नव्वदीच्या आसपास त्यांनी सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षे ते साडेआठ मैल चालत. शंभरी ओलांडल्यावर मैल कमी झाले, येणे थांबले नाही. हा घोळका त्यांच्या नातेवाइकांचा, मित्रांचा आणि जुन्या विद्यार्थ्यांचा. ते दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन या गावच्या महाविद्यालयात शिकले आणि युद्धानंतर तिथेच इंग्रजीचे प्राध्यापक होते. नारिंगी हा त्या महाविद्यालयाचा रंग.

स्कार्डन यांची हकीकत अमेरिकेत पुष्कळांना ठाऊक आहे, आपल्याकडे नाही, म्हणून थोडी सांगतो. मृत्यूच्या त्या वाटेवरून ते जिवंत पोचले, पण छावणीत मलेरिया आणि बेरीबेरी यांनी त्यांना पाडले. बेरीबेरी म्हणजे तरी दुसरे काय, सडीचा भात खाऊन अन्नातले सत्त्व संपले की होणारा रोग. पाय सुजले, दिसेनासे झाले, मित्रांना वाटले दोन दिवसांचा सोबती. हेन्री लाइटनर आणि ओटिस मॉर्गन हे क्लेमसनचेच दोघे त्यांच्याबरोबर होते. स्वतः काठीसारखे वाळलेले. ते घास भरवत, अंग पुसत, पाय चोळत. स्कार्डन यांनी महाविद्यालयाची सोन्याची अंगठी एवढे दिवस झडतीतून लपवून ठेवली होती. ती त्यांनी मित्रांच्या हाती दिली. मित्रांनी जीव धोक्यात घालून तिचा पहारेकऱ्याशी सौदा केला. सोन्याच्या बदल्यात काय मिळाले? डुकराच्या मांसाचा एक लहानसा डबा आणि एक कोंबडी. कोंबडीचे सार करून त्यांनी ते चमच्या-चमच्याने स्कार्डन यांच्या तोंडात घातले. हाडेही उकळून त्याचे पाणी पाजले. स्कार्डन उठून बसले.

पुढे १९४४ च्या डिसेंबरात कैद्यांना जहाजांत कोंबून जपानला नेऊ लागले. जहाजांवर कैदी असल्याची खूण नव्हती. अमेरिकन विमानांनीच ती बुडवली. स्कार्डन अशा दोन जहाजांवरून वाचले आणि तिसऱ्याने जपानला पोचले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये मांचुरियात रशियन सैन्याने त्यांना सोडवले तेव्हा वजन ९० पौंड होते. लाइटनर आणि मॉर्गन परत आले नाहीत. आजही क्लेमसनला विद्यार्थ्यांना अंगठ्या देण्याच्या समारंभात ही हकीकत सांगतात. कुणी स्कार्डन यांना विचारले की तुम्ही या वयात का चालता, तर ते याच दोघांची नावे घेत.

माझ्या पाठीवर चार किलो तूरडाळ होती. म्हातारा शेजारून गेला तेव्हा माझ्या मनात आले ते भलतेच: एका अंगठीला एक कोंबडी, तर या चार किलोंना त्या छावणीत काय मोल आले असते? डाळ इतकी जड मला कधी लागली नव्हती.

या यात्रेत एक उणीव मात्र जाणवते, आणि ती यात्रेची कमी, अमेरिकेची जास्त. बटानच्या वाटेवर चाललेल्या दर सहा-सात कैद्यांत एकच अमेरिकन होता. बाकी सारे फिलिपिनो. १९४१ च्या जुलैमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फिलिपाइन्सच्या सैन्याला अमेरिकन सेवेत ओढले. युद्ध संपल्यावर १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने एक कायदा करून त्यांच्या सेवेला बहुतेक सवलतींपुरते 'सेवा' मानायचेच नाही असे ठरवले. काम संपले, मजूर मोकळा. ६३ वर्षांनी, २००९ साली, हयात असलेल्यांना एकरकमी पैसे मिळाले: अमेरिकेचे नागरिक झालेल्यांना १५,००० डॉलर, इतरांना ९,०००. म्हणजे त्याही वेळी एकाच वाटेवर चाललेल्यांची दोन वजने. २०१७ मध्ये काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा समारंभ झाला, तोवर पदक घ्यायला बहुतेक जण उरले नव्हते. फिलिपाइन्समध्ये ९ एप्रिल हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो, आणि मूळ वाटेवर अजून मैलाच्या दगडांसारखे पांढरे खांब उभे आहेत. व्हाइट सँड्सच्या मैदानावर मला फिलिपिनो कुटुंबे दिसली. एक आजोबा नातवाच्या हाताला धरून चालत होते. त्यांच्या कागदावर फोटो नव्हता, नुसते नाव. काढलेला फोटोच नव्हता म्हणाले.

लास क्रूसेसच्या एका बागेत बटानचे स्मारक आहे. तिथे मात्र ही चूक टाळली आहे. तीन सैनिक एकमेकांना सावरत चाललेले, त्यांत एक फिलिपिनो. पुतळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पावलांचे ठसे उमटवले आहेत, ते वाचलेल्या सैनिकांच्या खऱ्या पावलांवरून घेतलेले. त्यांतल्या एका ठशाला बोटे पुरी नाहीत असे मला वाटले. दोनदा वाकून पाहिले.

माझी वाट दुपारी एकच्या सुमाराला संपली. शेवटच्या टप्प्यावर वाचलेल्यांपैकी दोघे सावलीत खुर्च्यांवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करत होते. सकाळपासून! त्यांतल्या एकाचा हात माझ्या हातात आला तेव्हा तो वाळलेल्या पानासारखा हलका होता. मी म्हटले, मी भारतातून आलो. तो म्हणाला, "लांबून आलात," आणि माझ्या मागच्याकडे वळला. रांग मोठी होती.

भाचीला यायला आणखी चार तास लागले. मोठी वाट डोंगराला वळसा घालून येते आणि विसाव्या मैलाच्या पुढे, पाय संपले असताना, खोल वाळूचा एक पट्टा लागतो. तो तिने कसा पार केला हे तिने आजवर मला नीट सांगितलेले नाही. ती आली तेव्हा चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ होते. कुणाशी न बोलता ती थेट काट्याकडे गेली. काट्यावरच्या शिपायाने पिशवी उचलून ठेवली आणि आकडा वाचला: साडेपस्तीस. तिच्यापुढे एक धिप्पाड जवान उभा होता, त्याची पिशवी अर्ध्या पौंडाने कमी भरली. वाटेत पाणी प्यायला होता, त्याचेच वजन. त्याने तक्रार केली नाही. मान खाली घालून बाजूला झाला, पण पिशवीतले घेवड्याचे दाणे तेवढ्याच काळजीने पेटीत रचून ठेवले.

पेट्या भरत आल्या होत्या. तांदळाच्या थैल्या एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला, डबे तिसऱ्या. एक वयस्क बाई जाड काळी लेखणी घेऊन निवडानिवड करत होत्या. माझी पुडकी हातात घेऊन त्यांनी उलटी-सुलटी केली.

"हे काय आहे?"

मी सांगितले, डाळ आहे, आमच्याकडे रोज करतात.

"शिजवायची कशी? ज्यांच्या घरी जाईल त्यांना कळले पाहिजे."

मी सांगितले: धुवायची, तिप्पट पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची, मीठ, हळद. हळद सगळ्यांच्या घरात असेलच असे नाही, त्या म्हणाल्या. मग लाल मिरची आणि लसूण चालेल, भाची म्हणाली. ते इथे सगळ्यांकडे असते. बाईंनी प्रत्येक पुडक्यावर इंग्रजीत आणि खाली स्पॅनिशमध्ये तेवढे लिहिले, लेखणीचे टोपण लावले आणि पुडकी तांदळाच्या पेटीत ठेवली.